कोसरूत दिलेली नळी

विद्यानगरला राहायला आलेल्या एका पुणेकराने मला दोनदा फसवलं. पहिल्यांदा माझ्या दुकानात, माझ्याच गल्ल्यासमोर. दुसऱ्यांदा तळ्याच्या काठावर, वीसेक माणसांच्या देखत, आणि तेव्हा तर माझ्याच हातांनी. पैसा त्याने माझा एक बुडवला नाही. घासाघीस केली, ठरला तो भाव दिला आणि हसत गेला. त्याने नेलं ते वेगळंच होतं. ते काय होतं हे कळायचं तर सुतळीपासून सुरुवात करावी लागेल.

गौलीगुड्यात, बस अड्ड्याच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. सुतळी, काथ्या, नायलॉनची दोरी, जाळी, गळ. वडील मराठवाड्यातून इथे आले आणि जन्मभर फुटपाथवर सुतळीचे गुंडे विकत बसले. पक्कं दुकान मी केलं. कोणी हात दिला नाही. भाव करून, भांडून, वेळेला ओरडून केलं. गल्लीत माझी ओळख एकच, हा माणूस कोसरू देत नाही. कोसरू हा तेलुगू शब्द, पण या शहरात तो सगळ्यांचा आहे. भाव ठरला, माल मोजून झाला, की गिऱ्हाईक वर थोडं फुकट मागतं. भाजीवर कोथिंबिरीच्या चार काड्या, तांदळावर एक मूठ, सुतळीवर दोन हात सुतळी. सगळे देतात. मी कधी दिला नाही. ज्याला कोसरू पाहिजे त्याने पलीकडे भाजीवालीकडे जावं, असं मी तोंडावर सांगायचो.

वडिलांची एकच वस्तू मी दुकानात ठेवली आहे. गल्ल्याच्या फळीला खिळ्यांनी ठोकलेली वीतभर बांबूची नळी. गुंड्यातून येणारी सुतळी या नळीतून ओढायची आणि मग मोजायची. कितीही जोरात ओढा, पीळ बसत नाही, गाठ पडत नाही. वडील म्हणायचे, दोऱ्याला मोकळं सोडलं की तो स्वतःशीच भांडतो. त्याला थोडी वाट आखून द्यावी लागते.

नव्वदनंतर बाजार उघडला. आबिड्सच्या दुकानांतून परदेशी माल उघड्यावर दिसायला लागला. तोवर तो कोणीतरी बॅगेत दडवून आणायचा. मद्रासच्या एका व्यापाऱ्याने मला एक खोका विकला. आत मासे पकडायची लाकडी आमिषं होती. बोटाएवढे रंगवलेले मासे, पाण्यावर तरंगणारे, पोटाखाली एक आणि शेपटीला एक असे तीन तोंडांचे दोन गळ. काठीने दूर फेकायचं आणि झटके देत ओढायचं. आमिष पाण्यावर डावी-उजवीकडे नागमोडी पळतं आणि खालून मरळ मासळी उसळी मारते. त्यांना सगळे लूर म्हणत. मी भाव पाडून अख्खा खोका उचलला आणि वाटलं, मद्रासवाल्याला चांगलाच कापला.

महिन्याभरात अर्धे लूर परत आले. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, पोटाखालच्या गळात अडकतो ही एकच तक्रार. फेकलं की आमिष हवेत कोलांट्या खातं, तंगूस त्याच्याभोवती फिरतो, आणि मग ते पाण्यावरून उलटं, शेपटीकडून ओढलं जातं. मरळ काय, बेडूकही जवळ येत नाही. एकाने तर दुकानात चारचौघांत लूर माझ्या फळीवर आपटला आणि म्हणाला, "सेठ, हे मासा धरत नाही, दोराच धरतं. दोरा मला बाजारात स्वस्त मिळतो." सगळे हसले. मी त्याचे पैसे परत केले आणि तो गेल्यावर मद्रासवाल्याला फोनवर तासभर शिव्या दिल्या. तो शांतपणे म्हणाला, माल चांगला आहे, तुमच्या लोकांना फेकता येत नाही.

ते मला लागलं. माल खराब निघाला तर मी फसलो, आणि माल चांगला असेल तर मी अडाणी. दोन्ही मला चालणारं नव्हतं. म्हणून दर रविवारी सकाळी सायकलला काठी बांधून हिमायतसागरच्या अलीकडच्या एका लहान तळ्यावर जायला लागलो. आता तिथे अपार्टमेंट आहेत. बायको विचारायची, "अहो, तुम्ही माल विकायलात का मासे धरायलात?" मी सायकल काढून निघायचो. मासा मला एकही मिळत नव्हता.

मी फक्त तंगूस बघत होतो. पन्नास वेळा फेकायचो आणि कुठे अडकतं ते बघायचो. हळूहळू दिसायला लागलं की अडकण्याच्या जागा दोनच आहेत. पहिली, आमिष पाण्यावर पडायच्या क्षणी. तोवर तंगूस रिळावरून सैल सुटत असतो आणि आमिष थांबलं तरी तो मागून येतच राहतो, आमिषाच्या अंगावर पडतो. दुसरी, झटके देताना. दोन झटक्यांच्या मध्ये तंगूस ढिला पडतो, नाकाखाली शिरतो आणि पुढच्या, म्हणजे पोटाखालच्या, गळाला मिठी मारतो. त्यात नवीन आलेला विणीचा परदेशी दोरा तर शिवणाच्या दोऱ्यासारखा लुळा. तो हमखास अडकायचा.

चांभाराचं मेण लावून बघितलं. दोरा कडक झाला, पण पाण्यात चार फेऱ्यांनंतर मेण गेलं. पुढचा गळच काढून टाकला. अडकणं थांबलं, आणि मरळ तोंडात घेऊन थुंकून जायला लागली. जाड तंगूस लावला, थोडं बरं वाटलं. असा अख्खा पावसाळा गेला. दिवाळीनंतर एकदा दुकानात सुतळी मोजत होतो आणि हात नळीवर थांबला. वडिलांची नळी. दोऱ्याला वाट आखून द्यावी लागते.

कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे बसतात, त्यांच्याकडून बॉलपेनच्या रिकाम्या रिफिली आणल्या. स्पिरिटने धुतल्या. आडव्या दोन बोटांएवढा तुकडा कापला. तंगूस त्यातून ओवला, मग लूरच्या नाकाला गाठ मारली. नळीचं एक टोक गरम सुईने किंचित रुंद केलं आणि गाठीवर घट्ट बसवलं. नेम एकच, लूरच्या नाकापासून पुढच्या गळाच्या टोकापर्यंत जेवढं अंतर, त्यापेक्षा नळी अर्धं बोट लांब हवी. मग तंगूस कितीही ढिला पडो, तो गळापर्यंत पोचूच शकत नाही. ही झटक्यांच्या वेळची गोष्ट. पडायच्या क्षणाला दुसरा इलाज. आमिष पाण्याला लागायच्या हातभर आधी बोट रिळाच्या कडेला हलकेच टेकवायचं. तंगूस ताणला जातो, आमिष हवेत सरळ होतं, तोंड आपल्याकडे करून पडतं. नळी आणि बोट, दोन्ही मिळून काम होतं. नुसती नळी असेल तर चार फेऱ्यांत एकदा तरी अडकतंच.

ज्या सकाळी मी सलग पन्नास वेळा फेकलं आणि एकदाही अडकलं नाही, त्या सकाळी तळ्यावर दुसरं कोणी नव्हतं. मी मोठ्याने हसलो होतो, एवढं आठवतं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी स्वस्तात घेतल्या आणि महाग विकल्या. पण स्वतः डोकं लावून शोधलेली अशी ही एकच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पुणेकर आला. कॉम्प्युटरच्या नोकरीवर बदली होऊन आला होता. पांढरी मारुती गल्लीच्या तोंडाशी लावून चालत आला. सकाळची वेळ, दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. पुण्यात त्याला भवानी म्हणतात, आमच्याकडे बोणी. बोणीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हे मीही पाळतो. दुकानात तेव्हा आणखी एकच माणूस होता, मलकपेठचे चाचा. घोड्यांच्या रेसकोर्सवर नोकरी करून निवृत्त झालेले, गळाचे जुने शौकीन. ते रोज सकाळी माझ्याकडे स्टुलावर बसून चहा पीत.

पुणेकराने काठी घेतली, रीळ घेतलं, दोन लूर घेतले. भाव करायला तो कच्चा नव्हता, हे मी मान्य करतो. मी "चांगला माल सांगायलो साहेब" म्हटलं तर त्याने "सांगायलो" हा शब्द माझ्याकडे बघत दोनदा म्हणून दाखवला आणि हसला. मी गिळलं, कारण बोणी होती. शेवटी भाव ठरला, पैसे फळीवर आले, आणि तो म्हणाला, "शेठजी, कोसरू?"

शहरात येऊन त्याला तीन महिने झाले होते आणि हा शब्द शिकल्याचा त्याला फार आनंद होता. चाचा चहाच्या कपात हसले. म्हणाले, "साब, इनके पास कोसरू नक्को मांगो. इनों तो मय्यत में भी भाव करते."

मला काय झालं माहीत नाही. कदाचित चाचांचं बोलणं लागलं. कदाचित ती गोष्ट पोटात ठेवून ठेवून फुगली होती, आणि समोर मराठी बोलणारा, शिकलेला, समजेल असा माणूस उभा होता. मी म्हणालो, देतो. ड्रॉवरमधून रिफिलची नळी काढली, त्याच्या लूरवर बसवून दाखवली, लांबीचा नेम सांगितला. हे मी शोधलंय म्हणालो. वडिलांची बांबूची नळीही दाखवली. त्याचे डोळे चमकले. इंजिनिअर होता, एका नजरेत समजला. मी म्हणालो, "बदल्यात एकच. कोणी विचारलं, तर कुठून मिळालं ते सांगा." तो म्हणाला, "शब्द. तुमच्या दुकानाचं नाव सांगेन." चाचांनी ऐकलं. मान डोलावली.

बोटाचं मी सांगितलं नाही. अर्धा माल हातचा राखायचा, ही सवय एवढ्या उदार दिवशीही सुटली नाही. आज वाटतं, तेवढीच काय ती माझी शहाणपणाची खूण होती. आणि तीसुद्धा नंतर मीच पुसली.

दोन महिन्यांनी तो परत आला. सांगितलं की रविवारी तळ्यावर हौशी मंडळी जमणार आहेत, मी त्यांना थोडं दाखवणार आहे, तुम्हीही या, नळ्या घेऊन या, चार गिऱ्हाइकं मिळतील. मला वाटलं, माणूस शब्दाचा पक्का निघाला. मी तंबाखूच्या डब्यात नळ्या कापून, धुऊन भरल्या. लग्नाकार्याला घालायचा शर्ट इस्त्री करून घातला. बायको म्हणाली, मासे धरायला कोणी इस्त्रीचा शर्ट घालतं का? मी म्हणालो, आज धरायचे नाहीत, आज तिथे माझं नाव घेणार आहेत.

काठावर वीसेक माणसं होती. डॉक्टर, बँकवाले, दोन-तीन कॉम्प्युटरवाले, काही आपले जुने शौकीन. चाचा होते, पुणेकराच्या मारुतीतून आले होते. पुणेकराने आधी इंग्रजीत सांगितलं, मग हिंदीत. तंगूस का अडकतो, ढिला पडल्यावर काय होतं, सगळं माझं, माझ्याच क्रमाने. मग नळी वर धरली आणि म्हणाला की पुण्याला असताना मुळशीच्या पाण्यावर आपल्याला हे सुचलं.

मी पाच हातांवर उभा होतो. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मी तिथेच थांबलो, कारण मला पुढचं माहीत होतं. त्याने फेकलं, सरळ पडलं. दुसऱ्यांदा फेकलं, सरळ. तिसऱ्यांदा आमिष हवेत फिरलं आणि तंगूस अंगाभोवती गुंडाळून शेपटीकडून ओढलं गेलं. चौथ्यांदाही तेच. लोक हसायला लागले. मला मनातून बरं वाटलं. बोट माझ्याकडे होतं. तसाच निघून गेलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

पण कोणीतरी विचारलं, हे काय झालं? आणि पुणेकर म्हणाला, "नळी जरा खडबडीत असेल. शेठजींच्या दुकानातली आहे."

पहिल्यांदा माझ्या दुकानाचा उल्लेख झाला तो असा. शब्द दिला होता, दुकानाचं नाव सांगेन. सांगितलं.

मी पुढे झालो आणि त्याच्या हातातून काठी ओढून घेतली. माझ्याच मुठीत नळ्यांचा डबा होता तो खाली पडला, नळ्या चिखलात गेल्या, मी बघितलं नाही. फेकलं, बोट टेकवलं, सरळ. पुन्हा फेकलं, सरळ. दहा वेळा फेकलं असेल. दर वेळी आमिष तोंड आमच्याकडे करून पडलं आणि डुलत डुलत आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वळलो, बोलायला तोंड उघडलं, पण पुणेकर आधी बोलला. लोकांकडे बघून, अगदी मास्तरासारखा. म्हणाला, "बोट बघितलंत? रिळावरचं बोट? मी त्याच मुद्द्यावर येत होतो. म्हणूनच शेठजींना करून दाखवायला बोलावलं." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

म्हणजे उरलेला अर्धा मालही मीच त्याला पोचवला. न मागता, फुकट, दहा वेळा.

मी त्याचा हात झटकला आणि ओरडलो. हे माझं आहे, मी याला दुकानात दिलं, बोणीला, शब्द घेऊन दिलं. मी हिंदीत ओरडलो, तेलुगूत ओरडलो. तो चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "शेठजी, तुम्ही ते कोसरू म्हणून दिलंत ना? कोसरू दिल्यावर परत मागतात का?"

सगळे हसले. तेलुगू माणसं सगळ्यात जास्त हसली, कारण हा कायदा त्यांना पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. कोसरू म्हणजे दिला आणि विसरला. त्यावर अट नसते. मी ती नळी एका रुपयाला जरी विकली असती तरी तो सौदा झाला असता, आणि सौद्यातल्या शब्दाला या गल्ल्यांमध्ये वजन असतं. मी आयुष्यात कोणाला कोसरू दिला नाही, म्हणून त्याचा नियम मी कधी पुरता समजून घेतला नव्हता. ज्याला रोज देण्याची सवय असते त्याने ही चूक केली नसती. त्याने कोसरूत कोथिंबीरच दिली असती.

मी चाचांकडे वळलो. म्हणालो, "चाचा, तुम्ही स्टुलावर बसला होतात. त्याने शब्द दिला की नाही, सांगा यांना."

चाचा पाण्याकडे बघत होते. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले तेव्हा म्हणाले, "अरे सेठ, इत्तीसी नल्ली के वास्ते कायकू गरम होरे? छोडो. दिन अच्छा है."

त्यांनी खोटं सांगितलं नाही. नाही म्हणाले नाहीत. पण हो म्हणाले नाहीत, आणि त्यांच्या एका "हौ" ने सगळं मिटलं असतं. त्यांचं त्या लोकांत वजन होतं, माझं नव्हतं. मी सायकल उचलली आणि गेलो. तळ्यापासून घरापर्यंत शर्टाच्या बाहीला चिखल लागलाय हे मला कळलं नाही. बायकोने बघितलं, सगळं ऐकलं, आणि म्हणाली, "एक रुपया तरी घ्यायचा होता." तिला व्यवहार माझ्यापेक्षा चांगला कळतो.

पुढे वर्षभरात पुणेकर परदेशात गेला. त्याच्यावर माझा राग आहे आणि राहील, पण तो परका होता, फायदा बघून आला आणि फायदा घेऊन गेला. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मला माहीत आहे असं मी म्हणत नाही. मला जाळतं ते दुसरंच. त्या वीसांनी आणखी वीसांना सांगितलं, आणि हळूहळू माझ्या दुकानात गिऱ्हाइकं येऊन मागायला लागली, "सेठ, वो पूना वाली नल्ली है क्या?" माझ्याच दुकानात. वडिलांची बांबूची नळी त्यांच्या हाताला लागत असते आणि ते माझ्याकडे पूना वाली नळी मागतात. मी सुरुवातीला भांडलो. किती जणांशी भांडणार? आता देतो. पैसे घेऊन देतो, एकही फुकट नाही.

आणि चाचा रोज येतात. ऐंशीच्या पुढे गेलेत, नातू मोटारसायकलवर सोडतो. त्याच स्टुलावर बसतात, चहा माझाच पितात. अनेकदा त्यांच्या समोरच कोणी पूना वाली नळी मागतं. चाचा कपात बघतात. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नाही. त्यांना विचारलं आणि "नाही" असं ऐकावं लागलं तर काय, ही भीती असेल. पण आता माझंही वय झालं. मी गेल्यावर ही नळी पुण्याचीच राहणार, आणि बांबूची नळी पोरं चुलीत घालणार.

चाचांना मराठी वाचता येत नाही. हे मी त्यांना उद्या सकाळी वाचून दाखवणार आहे, दुकान उघडल्यावर, पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी. प्रत्येक ओळीचा अर्थ त्यांच्या बोलीत सांगणार आहे. मला माफी नको, पैसा नको. चाचा, त्या सकाळी दुकानात तुम्ही स्टुलावर होतात. तुम्ही ऐकलंत, मान डोलावलीत. तळ्यावर वीस माणसं तुमच्या तोंडाकडे बघत होती आणि तुम्ही पाण्याकडे बघितलंत. परतीला मारुतीत बसायचं होतं म्हणून का? की मी कोसरू न देणारा माणूस, म्हणून माझं नुकसान हे नुकसानच नव्हतं? कारण काहीही असो. चाचा, चहा खाली ठेवा आणि माझ्याकडे बघून सांगा. ती नळी कोणाची होती, आणि तुम्ही का बोलला नाहीत?